रिकाम्या लॉरीची जकात

जकातवाले काका कुणाच्याही घरी जेवायला बसले, की वाढायच्या आधी ताट उचलून उलटं करत आणि त्यावर कोरलेलं नाव मोठ्याने वाचत. 'चि. सौ. कां. मंगल हिस मामांकडून.' मग घरच्या बाईंकडे बघून विचारत, "मंगल कोण?"

"मीच हो काका. माहेरचं नाव."

"असं होय," म्हणून ते ताट सरळ ठेवत. पण चेहऱ्यावरून वाटायचं, की मामांकडे एकदा चौकशी करायला हवी.

एकदा सोसायटीतल्या अध्यक्षबाईंकडे सत्यनारायण होता. प्रसादाची वाटी हातात घेऊन यांनी नाव वाचलं आणि भरल्या घरात म्हणाले, "वहिनी, ही तर दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांची वाटी. त्या मागच्या दिवाळीपासून शोधतायत." बाई हसल्या, सगळेच हसले. वाटी त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर गेली. बाईंनी मात्र त्यांना पुन्हा जेवायला बोलावलं नाही.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला होती. बँकांतले, कचेऱ्यांतले, कंपन्यांतले लोक. हे तळमजल्यावर एकटे राहत. बायको वारलेली, मुलगा बडोद्याला. सगळी नोकरी जकात नाक्यावर झाली, म्हणून लहानथोर त्यांना जकातवाले काका म्हणत. नाक्यावर आयुष्य काढलेल्या माणसाकडे फ्रीज नाही, गाडी नाही, तळमजल्यावरची एक खोली आणि पंख्याची घरघर, याचाही लोकांना संशय यायचा. "काहीतरी दडवलेलं असणारच," असं आमच्या जिन्यात बोललं जायचं. मीही बोललो असेन.

दूधवाल्याला ते त्याच्याच भांड्यातून आधी एक घोट प्यायला लावत. कोपऱ्यावरच्या होमिओपॅथी डॉक्टरांना त्यांनी एकदा सांगितलं होतं, "यातल्या दोन गोळ्या तुम्ही घ्या. मी उद्या येतो. तुम्ही दवाखान्यात दिसलात तर मग मी घेतो." डॉक्टर हे आम्हाला हसून सांगत, पण त्यांनी गोळ्या घेतल्या होत्या.

मला त्यांचा लळा होता. मी तेव्हा बँकेत नवा लागलेला, नुकतं लग्न झालेलं, आणि माझे वडील गावी निघून गेलेले. ते गिरणीत होते. निवृत्तीनंतर मालवणजवळच्या घरी जाऊन राहिले आणि गिरणीची वाताहत त्यांना बघावी लागली नाही. रविवारी सकाळी मी काकांकडे जाऊन बसायचो. ते नाक्यावरच्या गोष्टी सांगायचे.

"लॉरी थांबते. ड्रायव्हर म्हणतो, कांदे. वरचं पोतं सोडलं की कांदेच निघतात. वरचं पोतं सगळ्यांचंच खरं असतं रे. सळई खाली घालायची. तळाशी साबण निघतो, कापड निघतं. एकाकडे तर शिलाई मशिनं निघाली."

"आणि खरंच सगळे कांदेच असले तर?"

"तर जाऊ द्यायचं. पण मनात राहतं. सळई चुकीच्या जागी गेली असेल."

गिरण्या बंद पडून बरेच महिने झाले, तेव्हा आमच्या सोसायटीने मदत समिती काढली. कुणाकुणाच्या कामवाल्या रडत आल्या होत्या, नवरे घरी बसलेले होते, त्यातून ते सुरू झालं. नाहूरला, एका कारखान्याच्या भिंतीला लागून वस्ती होती, तिथल्या काही घरांना दरमहा धान्य, तेल आणि साखर द्यायची असं ठरलं. अध्यक्षबाई पुढे होत्या. पहिल्याच बैठकीत प्रश्न आला, की खरे गरजू ओळखायचे कसे? एक गृहस्थ म्हणाले, "फुकट मिळतंय म्हटल्यावर ज्याची ऐपत आहे तोही हात पुढे करणार. आणि सवय लागते हो. उद्या हे लोक काम शोधणारच नाहीत."

सगळ्यांच्या माना हलल्या. आणि मग सगळ्यांच्या नजरा एकदमच काकांकडे वळल्या. घरोघरी जाऊन खात्री करायचं काम त्यांना मिळालं. बरोबर कुणीतरी हवं, म्हणून मी.

काका कामाला लागले तसा त्यांचा उत्साह बघण्यासारखा होता. वेळ न सांगता जायचं, हा पहिला नियम. चहा घ्यायचा नाही, हा दुसरा. चहा घेतला की नजर मऊ होते म्हणे. आत शिरले की स्टोव्हवर तळहात धरायचे, गरम आहे का. पाणी मागायचे आणि ते कुठून येतं ते बघत फळीवरचे डबे वाचायचे. डबा हलवून बघायचे. पोरांना जवळ बोलवायचे, "हात बघू रे तुझा," आणि बोटं नाकाशी न्यायचे.

"बांगडा," ते म्हणायचे.

"शेजारच्यांनी दिला साहेब," पोराची आई म्हणायची.

"शेजारच्यांकडे आत्ताच जाऊन आलो. तिथे वास नव्हता."

हे बैठकीत सांगितलं गेलं तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघा! मासे परवडतात आणि आपल्याकडून तांदूळ हवेत." मी म्हटलं, "बाई, सध्या बांगडा डाळीपेक्षा स्वस्त पडतो." त्या म्हणाल्या, "तुम्हाला सवय असते हो." ते घर यादीतून गेलं.

वस्तीही काही कमी नव्हती. साहेब भांडी बघतो हे कळायला वेळ लागला नाही. मग आम्ही गल्लीत शिरलो की पुढच्या घरांतून खुडबुड ऐकू यायची. चांगलं ते खाटेखाली जायचं, फाटकं ते वर यायचं. एका जर्मनच्या पातेल्याचा कान तुटलेला होता आणि बुडाला ठिगळ मारलेलं. ते पहिल्या घरी दिसलं, मग तिसऱ्या घरी दिसलं. पाचव्या घरी काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि बाईला म्हणाले, "हे पातेलं आज माझ्याआधी पोचलं."

दारात जमलेल्या बायका फिसकन हसल्या. त्यांतली शेवंताबाई, जी पुढे या गोष्टीत येते, ती तर पदर तोंडात धरून म्हणाली, "काका, त्येला बी गरिबीच लागलीया. घर न्हाई त्येला." ही सोलापूरकडची, बौद्धवाड्यातून आलेली, कारखान्यात झाडू मारायची आणि कुणालाही भीत नव्हती. काकाही हसले. पण पाचव्या घराचं नाव कापलं. पहिल्या आणि तिसऱ्याचंही. त्यांचा तिसरा नियम होता, खोटं बोललं की बाद.

मला याची चटक लागली, हे मला लिहायला हवं. एखाद्या घरात शिरल्याबरोबर माझे डोळे आपोआप फळीवर जायला लागले. काकांच्या आधी मला रेडिओ दिसला, की मला आनंद व्हायचा. त्याच वर्षी मला बँकेने कर्मचाऱ्यांना देतात तसं कमी व्याजाचं घरकर्ज दिलं. माझ्या स्वयंपाकघरात येऊन कुणी डबे हलवले नाहीत, माझ्या बायकोच्या बोटांचा वास घेतला नाही. ते मला हक्काचं वाटलं. ही तुलना मला तेव्हा सुचली नाही. फार नंतर सुचली, आणि तेव्हा तिचा कुणाला उपयोग नव्हता.

त्याच वस्तीतल्या परबबाई एप्रिलमध्ये आमच्या दारात आल्या. माझ्या वडिलांच्या बाजूच्या गावच्या निघाल्या. नवरा गिरणीतला, आता वसईकडे कुठेतरी हमाली करत होता आणि जमेल तसं घरी येत होता. या ब्लाउज शिवायच्या. मुलगी सुलू नववी झालेली. दीर गावाहून सांगत होता, की पोरीला इकडे पाठवा, काजूच्या कारखान्यात लागेल, तुमच्याकडचं एक तोंड कमी होईल.

"धान्य मिळाला, तर माझे शिवणाचे पैसे तिच्या शाळेक पडतीत," त्या म्हणाल्या. "एकच वर्ष. दहावी झाली की मग ती कायव करांदे. जूनात शाळा सुरू जातली. त्याच्या आदी कळाक होया."

म्हणजे जूनपर्यंत समितीने होकार दिला, तर सुलू शाळेत, नाहीतर एस.टी.त. इतकं ते सरळ होतं.

आम्ही रविवारी गेलो. नियमाप्रमाणे न सांगता. पण बसमधून उतरल्यापासून खबर आमच्या पुढे धावत असे. परबांच्या दारात पोचलो तर जमीन नुकती पुसलेली होती. खाटेवर इस्त्रीची चादर. टेबलफॅन चालू. स्टुलावर विणलेला रुमाल, त्यावर नव्या कपबश्या. आणि स्टीलच्या ताटल्यांत पोहे, वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड.

काका दारातच थबकले. मला त्यांचा श्वास ऐकू आला.

"बसा ना काका. पंख्याकडे बसा. चेडवा, पाणी आण."

काका बसले. खरं म्हणजे फॅन बघूनच ते वळायचे. पण त्यांनी ताटली घेतली, पोह्यांसकट डोक्याच्या वर उचलली आणि खालून वाचलं. 'शेवंता कांबळे.' ताटली खाली ठेवली. माझी ताटली उचलली. 'शेवंता कांबळे.'

"या ताटल्या कुणाच्या?"

परबबाईंनी डोळ्याला डोळा भिडवला. "आमच्योच आसत."

"पंखा?"

"आमचोच."

"कपबश्या?"

"आमच्योच हो काका. घेवा, पोहे थंड होतत."

सुलू पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला टेकली होती आणि तिच्या आईकडे बघत होती. काकांनी स्टोव्हला हात लावला नाही, डबे हलवले नाहीत. पोहे खाल्ले. मग चहासुद्धा घेतला.

बाहेर आल्यावर शेवंताबाई आपल्या दारात तांदूळ निवडत बसली होती. काकांना बघून ती आपणहून म्हणाली, "ताटल्या माज्या हायत, वाचल्या असतीला. फॅन मागल्या खोलीतल्याचा. म्या तिला म्हनलं, बाई, यडी का काय तू? त्यो कान तुटका टोप घे, माजी फाटकी वाकळ घे, पोरीचं केस इस्कटून बसव. तर म्हनती कशी, पावनो घराक येतलो, त्याका तुटक्या भांड्यात कसा देव? आता बोला! मदत मागायची आन् थाट करायचा. कोकनातली मानसं, काका. मरतील पन चटनी नुसती वाढायची न्हाईत."

परतताना आम्ही बसस्टॉपवर आलो. बाकावर बसल्यावर काका म्हणाले, "खोटं बोलली."

"हो."

"सगळं खोटं बोलली. एकही वस्तू तिची नव्हती." मग म्हणाले, "नाक्यावर इतकी वर्षं काढली मी. भरलेली लॉरी रिकामी म्हणून काढणारे रोज बघितले. रिकाम्या लॉरीवर भरलेल्याची जकात भरणारा माणूस नाही बघितला. तिला काय हवंय?"

"धान्य हवंय, काका."

"मग असं का केलं?"

मी त्यांना सांगू शकलो असतो. माझी आई हेच करायची. गावाहून कुणी आलं की शेजारून साखर आणि कप यायचे, आणि आम्हा पोरांना डोळ्यांनी दटावलं जायचं, की बोलायचं नाही. मी सांगितलंही, अर्धंमुर्धं. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "बघायला हवं."

आणि ते बघायला लागले. पुढच्या आठवड्यात एकटेच नाहूरला गेले. मग परत गेले. सकाळी गेले, दुपारी गेले. वाण्याकडे विचारलं, की परबांची उधारी आहे का. वाणी म्हणाला, ती बाई उधार घेत नाही, त्या दिवशी जेवढे पैसे असतील तेवढंच नेते. शिवण देणाऱ्या दुकानदाराकडे चौकशी केली. परबबाईंच्या घरी जाऊन बसले, तेव्हा शेवंताबाईच्या ताटल्या नव्हत्या, आणि पेजेत मीठ घालून सुलू जेवत होती. "मला बघून तिने ताट मागे सरकवलं," ते मला म्हणाले. "लपवलं. पेज लपवली रे तिने!" त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "मग झालं ना काका. खात्री पटली." ते म्हणाले, "एकदा आणखी जातो." मे संपत आला होता.

सोसायटीत बोलणं सुरू झालं होतं. एकटा माणूस, बायको नाही, आणि नाहूरला कुठे जातो इतका? बाईचा नवरा वसईला असतो म्हणे. मुलगीही मोठी आहे. जिन्यात मला कुणीतरी विचारलं, "काय रे, तुझ्या काकांचं काय चाललंय?" मी म्हटलं, "तपास करतायत." तो हसला. घरी जाऊन मी बायकोला विचारलं, "तुला काय वाटतं?" म्हणजे मलाही वाटायला लागलं होतं. नाहीतर विचारलं नसतं.

जूनच्या तोंडावर बैठक झाली. काका इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांनी परबांच्या घरची सगळी हकीकत सांगितली. फॅन, खोबरं, ताटल्यांवरचं नाव, आणि मग पेज. शेवटी म्हणाले, "इतकी घरं बघितली. खरं गरजू घर हे एक. पहिलं धान्य इथे जाऊ द्या."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे ती तुमच्याशी खोटं बोलली."

"बोलली."

"खोटं बोललं की बाद, हा तुमचाच नियम ना काका?"

"हो. पण हे खोटं उलटं आहे."

"उलटं-सुलटं आम्हाला काय कळणार? जिच्याकडे पाहुण्याला ओलं खोबरं घालायची ऐपत आहे..."

"खोबरंही उसनं होतं, वहिनी."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"विचारलं मी. नारळ कुणी फोडला ते विचारलं."

कुणीतरी खोकलं. त्या गृहस्थांनी, ज्यांना सवय लागण्याची काळजी होती, हळूच विचारलं, "काका, राग मानू नका. बाकीच्या घरी तुम्ही एकेकदा गेलात. इथे किती वेळा?"

काकांना प्रश्न कळायला वेळ लागला. मला तो लगेच कळला. खोलीतल्या सगळ्यांना कळला होता. मग त्यांच्या मानेपासून वर रंग चढत गेला, आणि ते म्हणाले, "खात्री करत होतो."

"कसली?" बाई म्हणाल्या, अगदी गोड.

बैठकीने परबांचं नाव यादीत घेतलं नाही. माझं मत विचारलं गेलं तेव्हा मी म्हटलं, "काका म्हणतात त्यात तथ्य असावं." असावं, असं म्हटलं. बाकीचे हात वर गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका मला म्हणाले, "चल." नाहूरला उतरल्यावर रस्त्यात सांगितलं, की समिती नाही तर नाही, सुलूच्या वर्षभराचं ते स्वतः बघतील, शाळाही आणि धान्यही. "माझा खर्च किती असतो? पेन्शन पडून राहते."

परबबाई दारातच उभ्या होत्या. आत खाटेवर एक पत्र्याची ट्रंक उघडी होती. काकांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, घाईघाईने, जसं काही कुणी थांबवेल.

बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "समितीन नाय म्हटल्यान?"

"हो. पण मी देतो."

"तुमी कित्याक देतास?"

काका उघड्या ट्रंकेकडे बघत राहिले.

"तुमचो आमचो काय संबंध? तुमी हंय सारके येतास, लोक माका विचारतत. शेवंता विचारता. घोव वसयेसून इलो तर तोव विचारतलो." त्या काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मग हातांकडे, मग सदऱ्याकडे, परत चेहऱ्याकडे. काकांना ही नजर ओळखीची असणार. "चेडू मोठा झाला हा माझा. तुमी बरे मानूस असशात. पन माका खंय ठावक?"

सुलू आतून म्हणाली, "आये, घे ना गो."

"तू गप रव."

शेवंताबाई आपल्या दारातून हे बघत होती. काकांनी नमस्कार केला आणि आम्ही फिरलो. गल्लीच्या तोंडाशी ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मीसुद्धा घेतलं नसतं."

त्याच आठवड्यात सुलू गावी गेली. ती पुढे शिकली की नाही हे मला ठाऊक नाही. मी गावी अनेकदा गेलो, तिच्या काकाच्या घरावरून गेलो, आणि विचारलं नाही.

परबबाईंनी नाही म्हटलं त्या संध्याकाळी मात्र आम्ही नाहूरच्या बसस्टॉपवर त्याच बाकावर बसलो होतो. बस आली, आणि काका उठले नाहीत. ती निघून गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू इतके दिवस माझ्याबरोबर आहेस. तूच सांग. मी कशासाठी देत होतो?"

त्यांनी मला मनापासून विचारलं होतं. एका शब्दात उत्तर देता आलं असतं, आणि त्या माणसाला ते हवं होतं. मी मान वळवून त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघत राहिलो, ते खरं बोलतायत का ते पाहत. आणि मी पाहतोय हे त्यांनी पाहिलं.